दाखलेवाले अण्णा

जोतिबाच्या डोंगरावर एसटीतून उतरलेल्या माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक गुलाल आणि दुसरे अण्णा. गुलाल दोन-चार धुण्यांत निघून जातो.

अण्णा गुरव नाहीत, दुकानदार नाहीत, देवस्थानच्या कुठल्या समितीवरही नाहीत. देवळाकडं जाताना नारळ, खोबरं, गुलाल विकणारी दुकानं लागतात, त्यातल्या एकाच्या बाहेरच्या बाकावर ते बसलेले असतात. पांढरा लेंगा, तीन गुंड्यांचा शर्ट आणि एके काळी पांढरी असलेली टोपी. टोपीचा आताचा रंग कोणता म्हणून विचारलं, तर ‘भक्तीचा’ असं उत्तर मिळतं. धुवायला आळस केला, असं दुसरं कोणी म्हटलं असतं.

अण्णा हे कुणा एकाचं नाव धरू नका. हा माणूस तुमच्याही गावात आहे. पारावर असेल, सलूनमध्ये असेल, दूध संस्थेच्या ओट्यावर असेल, शहरात असेल तर गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेत असेल. पण गावातल्या अण्णांची पंचाईत अशी, की श्रोते तेच ते आणि त्यांना दाखले पाठ. डोंगरावर तसं नाही. इथं दर रविवारी नवे कान येतात. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याचे येतात, कर्नाटकातले येतात, मराठवाड्यातून गाड्या करून येतात. दर्शन घेऊन उतरून जातात. दिलेला दाखला खरा होता की खोटा, हे सांगायला परत कोण येतंय?

अण्णांचं भांडवल दोन शब्दांचं. ‘आता समजा’ म्हणाले की पुढं उपमा येते आणि ‘म्हंजे काय?’ म्हणाले की व्याख्या येते. तिसरं काही लागत नाही. पुरावा तर नाहीच.

एका रविवारी दर्शनाची रांग पार बाहेर आलेली. अण्णा एका ओळखीच्या पावण्याला घेऊन बाजूनं पुढं निघाले. मागनं कोणी ओरडलं, “ओ टोपीवालं, रांग हाय!”

अण्णा थांबले. घाईघाईनं सटकणारा माणूस लबाड दिसतो, हे त्यांना ठाऊक आहे. वळून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “रांग म्हंजे काय?”

एवढ्या उन्हात, पोराला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता.

“रांग म्हंजे देवाकडं त्वांड करून हुबी ऱ्हायलेली माणसं. बरोबर हाय का न्हाई? आता माझं त्वांड कुणीकडं हाय, बघा की.”

त्यानं बघितलं. तोंड देवाकडंच होतं. तो विचारात पडला तेवढ्यात अण्णा दहा माणसं पुढं गेले होते.

आपल्या जुन्या नैयायिकांनी असल्या व्याख्यांची पक्की तजवीज करून ठेवलेली आहे. उदाहरणाला त्यांनी गाय घेतली. गाय म्हणजे तांबूस जनावर म्हणावं, तर पांढऱ्या गाई बाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर म्हणावं, तर म्हैसही आत शिरली, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकाच अखंड खुराचं जनावर म्हणावं, तर जगात एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. अण्णांच्या व्याख्येत देवळाकडं तोंड करून उभा असलेला प्रत्येक दुकानदारही रांगेतच होता. पण हे सुचायला पाय दुखत नसावे लागतात, आणि अण्णा दुखणाऱ्या पायांचाच माणूस निवडतात.

माघात तर त्यांच्या प्रतिभेला धुमारे फुटतात. माघातल्या रविवारी जोतिबाला खेटे घालतात. देव केदारनाथाला परत निघाला तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई अनवाणी डोंगर चढून आली, अशी कथा आहे. तिच्यामागून लोक अजूनही कोल्हापुरातून भल्या पहाटे निघतात, पंचगंगा ओलांडून कुशिरे, गायमुख करत अठरा-एक किलोमीटर चालत वर येतात. अण्णाही खेटा घालतात. पुतण्याच्या मोटारसायकलवर, मागं बसून.

“अण्णा, ह्यो कसला खेटा?” दवणा विकणाऱ्या आक्कांनी एकदा विचारलं. आक्का अण्णांच्या बाकासमोरच टोपली मांडून बसतात. दोघांचं वय सारखंच असावं.

“का? पायी आलो की.”

“गाडीवरनं?”

“पायी म्हंजे काय, आक्का? पाय टेकवून. माझं पाय काय हवेत लोंबत हुतं? फुटरेस्टवर टेकलं हुतं.” आणि आक्का अजून पटलेल्या दिसेनात म्हणून पुढचं हत्यार काढलं, “आन् खरा खेटा मनाचा आसतोय.”

“मग परसाद बी मनातच खावा,” म्हणून आक्कांनी हातातला पेढा परत कागदात गुंडाळला.

‘पायी’ या शब्दाचा हा खेळ अण्णांनी शोधलेला नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत याला वाक्‌छल म्हटलंय. त्यावर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनानं दाखला दिलाय तो घोंगडीचा. कुणी म्हणावं, याच्याकडं नव कांबळं आहे, म्हणजे नवं. आणि समोरच्यानं म्हणावं, नऊ कुठं आहेत, एकच तर दिसतंय. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही कुठल्यातरी देवळाबाहेरच्या बाकावर अण्णा बसत होते, याचा हा लेखी पुरावा.

‘खरा खेटा’ हे मात्र अधिक नाजूक काम आहे. १९३८ मध्ये चार्ल्स स्टीव्हन्सन या अमेरिकन तत्त्वज्ञानं ‘माइंड’ या नियतकालिकात अशा मन वळवणाऱ्या व्याख्यांवर एक निबंध लिहिला. शब्दाभोवतीची माया जिथल्या तिथं ठेवायची आणि आतला अर्थ गुपचूप बदलायचा, ही ती युक्ती. लोकांना ‘खेटा’ या शब्दाबद्दल आदर आहे. तो आदर राहू द्यायचा, चालणं तेवढं काढून घ्यायचं. ‘खरा’ हा शब्द आला की असं काही घडतंय हे ओळखावं, असंही स्टीव्हन्सननं नोंदवलंय. अण्णांनी स्टीव्हन्सन वाचलेला नाही. स्टीव्हन्सनलाही अण्णा भेटले नाहीत. भेटते तर निबंधाची पानं वाढली असती. खरा भक्त, खरी मदत, खरा शेतकरी, खरं कोल्हापूर. डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी, त्यावरूनही अण्णा कोकणातल्या पावण्यांना सांगतात, “तुमची ती जिल्ह्याची. खरी रत्नागिरी ही.” पावणे हसतात आणि नारळ घेतात.

इथवर सगळं गमतीचं. दाखल्याला पैशाचा वास आला की गंमत कमी होते.

उसाचा हंगाम संपत आलेला. एका कारखान्याचं बिल थकलेलं. अण्णांचा कारखान्याशी काय संबंध, हे कुणालाच नीट माहीत नाही, पण कारखान्याची बाजू मांडायला ते बाकावर तयार. “कारखाना म्हंजे आई,” अण्णा म्हणाले. “आन् ऊस घालणारी आपण लेकरं. आता समजा, आईनं ताट वाढायला जरा उशीर केला, म्हणून लेकरू काय फौजदाराकडं जातंय व्हय?”

चार माणसं गप्प झाली. आई आली की माणूस गप्प होतोच. आता जो कोणी पैसे मागेल तो ऊसउत्पादक राहिला नाही, आईवर उलटलेलं पोर झाला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. त्यात ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर व्याज द्यायचं, असं लिहिलंय. आईचा उल्लेख त्यात नाही.

गारगोटीकडचा एक शेतकरी मात्र गप्प बसला नाही. “आई व्हय? मग आईच्या दारात वजनकाटा कशाला लागतोय, अण्णा?”

अण्णा पेचात आले की एकच वाक्य म्हणतात, तेच म्हणाले, “उपमा तानू नये, पावणं. ती भाव समजून घ्यायची आसती.”

अण्णांची सगळी विद्या या वाक्यात आहे. उपमा कुठं सुरू करायची हे ते ठरवतात, कुठं संपवायची हेही तेच ठरवतात. ताटापर्यंत कारखाना आई. काट्यापाशी आला की कारखाना. तुम्ही तीच उपमा दोन पावलं पुढं नेलीत की तुम्ही शब्दच्छल करणारे, रसहीन, इंग्रजी शाळेत शिकलेले. बोलणाऱ्याचं लाक्षणिक बोलणं मुद्दाम शब्दशः घेणं, यालाही न्यायशास्त्रात उपचारछल म्हणून दोषच धरलंय, आणि अण्णा नेमक्या त्या दोषाचा आरोप समोरच्यावर ठेवतात. चोरानं पोलिसाची टोपी घालून फिरावं तसं आहे हे.

पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जायचा जो महामार्ग आखलाय, त्याच्याबद्दल कोल्हापुरात शेतकऱ्यांनी रान उठवलं, तेव्हाही अण्णांनी दाखला दिला, “रस्ता म्हंजे अंगातली शीर. शीर तोडून माणूस जगतोय?” त्यावर आक्का म्हणाल्या, “शीर जन्मापास्नं अंगात आसती. बाहेरनं घालत्यात ती सुई.” त्या दिवशी अण्णा लवकर घरी गेले. मात्र त्या रस्त्याला ‘शक्तिपीठ महामार्ग’ हे नाव ज्यानं सुचवलं, त्याला एकदा भेटायची त्यांची फार इच्छा आहे. गुरू भेटल्यागत वाटेल म्हणतात. नागपूर-गोवा रस्ता म्हटलं की सातबारा आठवतो, शक्तिपीठ म्हटलं की हात जोडले जातात, आणि जोडलेल्या हातांनी हरकतीचा अर्ज लिहिता येत नाही.

पण अण्णांची कारकीर्द गाजली ती हत्तीवरून.

२००७ मध्ये आमदार विनय कोरे यांनी सुंदर नावाचा हत्ती जोतिबाला अर्पण केला. पुढं त्याला साखळदंडात ठेवतात, मारहाण होते, अशा तक्रारी झाल्या. पेटा या प्राणिहक्क संघटनेनं मोहीम चालवली. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं त्याच्या सुटकेसाठी पत्र लिहिलं. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असं करत जून २०१४ मध्ये सुंदर बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोचला. या सात वर्षांत बाकावर जेवढी वाक्यं खर्च झाली, तेवढी दोन्ही न्यायालयांत मिळून झाली नसतील.

“साखळी म्हंजे काय?” अण्णा सुरुवात करत. “नवरीच्या पायात पैंजण आसतंय. तिला कोण कैदी म्हणतंय? देवाच्या हत्तीच्या पायात साखळी म्हंजे पैंजणच.”

कुणीतरी पेपर वाचून मॅकार्टनीचं पत्र सांगितलं. बीटल्स हे काय, म्हणून अण्णांनी नातवाला विचारलं. नातवाची शाळा इंग्रजी. त्यानं सांगितलं, बीटल म्हणजे भुंगेरा. अण्णांना एवढं पुरलं. “भुंगेऱ्याला हत्तीची काळजी कवापास्नं लागली?” संध्याकाळपर्यंत हे वाक्य पायथ्याच्या गावांत पोचलं होतं. मॅकार्टनीनं काय लिहिलंय, हे मात्र बाकावर कुणी विचारलं नाही.

इकडं अण्णांची चेष्टा करायची आणि तिकडच्यांना सोडायचं, हे बरोबर नव्हे. तिकडंही अण्णा होतेच. त्यांच्या शर्टाला इस्त्री होती आणि मांडीवर लॅपटॉप. देवळातला हत्ती म्हणजे बिनगुन्ह्याचा जन्मठेपेचा कैदी, असं ते म्हणत. पैंजण काय, कैदी काय. हत्ती एकदा नवरी झाला, एकदा कैदी झाला. हत्ती म्हणून त्याच्याकडं पाहायला कुणाला सवड नव्हती.

अकरा वर्षांनी जिल्ह्यात पुन्हा तेच, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी, लोकांच्या तोंडची माधुरी, तीन दशकांहून जास्त काळ तिथं होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात पाठवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं आणि ती गेली. गावंच्या गावं रडली. नांदणीहून कोल्हापुरात मूक पदयात्रा आली. वनतारा आणि जिओ दोन्ही अंबानींचे, म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलून घेतली. एकाच गाडीतून एकच हत्तीण गेली. एका बाजूनं ती सुटका होती, दुसऱ्या बाजूनं पळवापळवी, सरकारी कागदात पुनर्वसन.

अण्णा हळहळले होते, ते खरंखुरं. डोळ्यांत पाणी होतं. पण पाण्यामागोमाग व्याख्या आलीच. “मठ म्हंजे माहेर. माहेरची लेक उचलून न्हेली. आन् सिमकार्ड बदलणं म्हंजे सत्याग्रह.” त्यांनी स्वतःचंही सिम बदललं. नव्या कंपनीची रेंज डोंगरावर येत नव्हती, तर त्याला ‘मौनव्रत’ म्हणाले.

आक्का दवण्याच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अण्णा, तवा तुम्ही हत्तीला नवरी म्हणत हुतासा. आता लेक म्हणतासा. तिचं पाय कसं हुतं, त्ये सांगा की आधी.”

अण्णांना ते माहीत नव्हतं. न्यायालयापुढं तिच्या पायांचे आणि तब्येतीचे अहवाल होते. ते बरोबर की चूक, पुरेसे की अपुरे, यावर जाणकारांना भांडता आलं असतं आणि कुणी भांडलंही असेल. बाकावर त्या अहवालाचं पान उलटलं गेलं नाही. माहेर म्हटल्यावर पायांचं कोण विचारतंय?

हत्ती आणि दाखला यांचं नातं मराठीत फार जुनं आहे. चक्रधरस्वामींनी दिलेले दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले, तो महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि त्यातला एक जन्मांधांनी चाचपलेल्या हत्तीचाच आहे. या ग्रंथाची ठेवण अण्णांनी एकदा बघावी, अशी माझी फार इच्छा. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र येतं, म्हणजे काय सांगायचंय ते. मग दृष्टांत. आणि त्यानंतर दार्ष्टांतिक, म्हणजे या गोष्टीतलं काय कशाला लावायचं, ते. सोंडेला हात लावला त्यानं कशाची चूक केली, आणि ती आपल्याला कुठं लागू पडते, हे तिथल्या तिथं सांगून मोकळं. ऐकणाऱ्याच्या हातात दोरीचं दुसरं टोक दिलेलं असतं. अण्णांच्या पद्धतीत सूत्र पोटात, दृष्टांत ओठांवर आणि दार्ष्टांतिकाच्या जागी चहा.

तरी डोंगरावर अण्णांचा राग कुणी करत नाही, आणि त्याचं कारणही सांगायला हवं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेआधी एका गावाच्या सासनकाठीवरून, म्हणजे यात्रेत नाचवत आणायच्या उंच काठीवरून, दोन भावक्यांत जुंपली होती. काठी कुणाच्या खांद्यावर राहायची, यावर हातघाईची पाळी. समजवायला गेलेला सरपंच शिव्या खाऊन आला. मग अण्णा गेले. त्यांनी ‘म्हंजे काय’ म्हटलं नाही, ‘समजा’ही म्हटलं नाही. काठीकडं नुसतं बोट केलं. “खांद्यावर एकजण घेतोय, व्हय. पर चारी बाजूनं दोर ताणून धरल्यात म्हणून ती हुबी हाय. सोडा की दोर. बघू कुणाचा मान ऱ्हातोय त्ये.”

भांडण मिटलं. त्या वर्षी दोन्ही भावक्या आलटून पालटून काठी नाचवत आल्या. मला वाटतं, अण्णांच्या आयुष्यातला हा सगळ्यात सरळ दाखला. ज्याच्याबद्दल बोलायचं ती वस्तू समोर उभी होती, दोर खरोखर ताणलेले होते, आणि कुणाला शंका असती तर त्यानं एक दोर सोडून बघायचा, एवढंच. असे दाखले अण्णा फार देत नाहीत. अशा दाखल्याला खोटं लागत नाही, त्यामुळं अण्णांना त्यात कस लागल्यासारखा वाटत नसावा.

तुम्हाला अण्णांना भेटायचं असेल तर चैत्राची यात्रा टाळा. लाखोंच्या गर्दीत सगळ्यांच्याच टोप्या गुलाबी असतात, ओळखू येणार नाहीत. एखादा साधा रविवार बघा, आधी दर्शन करून घ्या. बाकावर ते सरकून जागा देतील, चहा सांगतील, पैसे तुम्ही द्याल. त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं, जरूर ऐका. सातबारा, सही नाहीतर मत यांच्याकडं विषय वळायला लागला, तर मात्र उठा आणि समोर आक्कांकडं जा. त्या दाखले देत नाहीत, दवणा देतात. तिथं सुट्टे पैसे लागतात.